वरचं अर्धं पान

बाई दार उघडलं की "बोला" म्हणायच्या. दूधवाला असो, शेजारीण असो नाहीतर मी, कडी काढायच्या, मान थोडी वाकडी करायच्या आणि म्हणायच्या, "बोला." समोरचा बोलायला लागला की अगदी मन लावून ऐकायच्या. पण तीनच मिनिटं. तीन मिनिटं झाली की तो वाक्याच्या मध्यावर असला तरी "बरं तर" म्हणून आत वळायच्या. शेजारणींना त्याचा राग यायचा. मला यायचा नाही. मला बोलायला तीन मिनिटं पुरून उरायची.

त्या सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे परगावचे फोन, जोडून द्यायच्या. सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून मुंबई मागणाऱ्याला मुंबई आणि कराड मागणाऱ्याला कराड. "ऐकत नव्हते मी," त्या म्हणायच्या, "ऐकू येत होतं. 'आबांना बरं नाही, निघून ये,' एवढं ऐकू येतं. तो निघाला का, पोचला का, आबा भेटले का, ते मला कोण येऊन सांगणार?"

विश्रामबागेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागे एक तिसरी खोली, तिला वेगळं दार. कॉलेजची तीन वर्षं मी त्या खोलीत राहिले. माझे वडील लष्करात, त्यांच्या बदल्या चालूच, म्हणून मी दहा वर्षं पाचगणीच्या इंग्रजी शाळेत बोर्डिंगला होते. मराठी बोलता यायचं, वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागायचं. वडील मला सोडायला आले तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"पोरगी बोलते का?"

"फार नाही," वडील ओशाळून म्हणाले.

"मग राहू द्या."

बाईंना वाचनाचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना एका गोष्टीचं वेड होतं. पुण्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात एक कादंबरी क्रमशः येत होती. तिची नायिका कुमुद नावाची नर्स. एका प्रकरणाच्या शेवटी कुमुद भर दुपारी, हातात पत्र्याची पेटी घेऊन, एका अनोळखी घरापुढे उभी राहते आणि कडी वाजवते. आतून पावलांचा आवाज येतो. खाली 'क्रमशः'. आणि साप्ताहिक बंद पडलं.

बाईंनी कचेरीला तीन पत्रं लिहिली. तिसरं परत आलं. मग त्यांनी जुने अंक काढले, त्यांतला वाचकांचा पत्रव्यवहार चाळला आणि सांगली-साताऱ्याकडच्या ज्या बायकांनी कुमुदबद्दल कधी काही कळवलं होतं त्यांची नावं-गावं उतरवून घेतली. सतरा जणींना कार्डं टाकली: 'कुमुदसाठी दार कुणी उघडलं असेल, असं आपणांस वाटते? कळवावे.' पाच जणींची उत्तरं आली. प्रत्येकीचं वेगळं. तेव्हापासून एक वही या सहा जणींत फिरत होती, प्रत्येकीनं तीत त्या दारापासून पुढचा आपल्या मनाचा भाग लिहायचा.

मी राहायला आले तोवर ते दार एकोणचाळीस वेळा उघडलं होतं. कधी कुमुदच्या नवऱ्यानं, कधी पोलिसानं, कधी हुबेहूब कुमुदसारख्या दिसणाऱ्या बाईनं. एकदा कुणीच उघडलं नव्हतं. पावलं मांजराची निघाली होती. तो भाग बाईंनी स्वतः लिहिला होता आणि त्याची त्यांना पुढे लाज वाटायची.

वहीच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी होती: 'लोणची, पापड व विणकाम'. सगळ्यांच्या घरात ती त्याच नावानं आत जायची. वही निघायची ती गुरुवारी, आणि गुरुवारी सकाळी बाईंची ड्युटी असे, म्हणून ती स्टँडवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. तासगाव-विट्यावरून साताऱ्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे खाकी पिशवी द्यायची. पहिली तासगावच्या काकूंकडे, तिथून चार-आठ दिवसांनी विट्याला, रहिमतपूरला, कोरेगावला आणि शेवटी साताऱ्याच्या वकीलबाईंकडे. महिना-सव्वा महिन्यानं पुन्हा सांगलीला.

"ताई, एवढी लोनची कोन खातंय वो?" कंडक्टर पिशवी हलवून विचारायचा.

मी पिशवी देऊन वळायची. एकदा तोच म्हणाला, "आमच्या घरात बी वाचून दावा की कवातरी. बायकू लय खारट घालती."

वहीच्या पहिल्या पानावर बाईंनी 'नवीन भगिनींसाठी' म्हणून सूचना लिहिल्या होत्या. कुठले भाग आधी वाचावेत: 'भाग चार वाचावा, कोरेगाव. मग अकरा, सातारा. पण कोर्टापर्यंतच, पुढे वकीलबाई दमल्या आहेत. भाग सतरा वाचू नये, तो माझा आहे.' मग लिहिताना काय जवळ ठेवावं: एस.टी.चं वेळापत्रक, पंचांग (चांदणं घालण्यापूर्वी तिथी बघावी), कुठल्याही शाळेतला जिल्ह्याचा नकाशा. कोणाला काय विचारावं: 'कोर्टाचे वकीलबाईंना. साप, विंचू, द्राक्षावरची औषधे, तासगाव. आजारपण असेल तर रहिमतपूर, त्यांचे दीर कंपाउंडर आहेत. घरातली भांडणे कोणीही.' आणि खाली नियम. कुमुदला मारायचं नाही, मारायला काय, कुणीही मारतं. पहिल्या दहा पानांत तिचं लग्न लावायचं नाही. माणूस घरात आलं की आधी पाणी द्या, मग रडवा.

हे नियम त्या मनापासून पाळायच्या. वकीलबाईंनी एकदा कुमुदला पेटी घेऊन मैलभर चालवलं. बाईंनी आपली पेटी काढली, तीत सात साड्या, एक पितळी तांब्या आणि दोन जाड पुस्तकं घातली आणि मला कॉलेजच्या फाटकापर्यंत पाठवलं. रस्त्यावरच्या मुली बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "बोल. किती पावलांवर हात बदललास?"

"ऐंशी."

"आणि नंतर?"

"नंतर पन्नास. मग मोजलं नाही."

"बघ. आणि ही तिला मैलभर चालवून वर गाणं म्हणायला लावतीये." त्यांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'दर पन्नास पावलांनी पेटी खाली ठेवणे.'

आता त्या वरच्या अर्ध्या पानाचं.

प्रत्येकजण आपला भाग सुरू करण्याआधी वरचं अर्धं पान घरचं लिहायची. तसा काही नियम नव्हता. तासगावच्या काकूंच्या द्राक्षांच्या मांडवावर पडलेली कीड, विट्याच्या मावशींच्या मुलीचं दुसऱ्यांदा मोडलेलं लग्न. कोरेगावच्या वहिनी कोरेगावच्याही पुढच्या एका खेड्यातल्या. नवरा फौजेत, घरात सासू, तिची दृष्टी गेलेली. त्यांचं वरचं पान सगळ्यांत लांब. 'म्हस आटली. आत्यास्नी आता उजेड बी कळंना. ह्येंचं पत्र आलं, तिकडं थंडी लय हाय म्हनत्यात, सेटर पायजे.' मग एक रेघ, आणि रेघेखाली कुमुद. वहिनींची कुमुद वाचताना मला ओळीवर बोट ठेवल्याचं विसरायला व्हायचं.

वही आली की बाई वरची अर्धी पानं आधी वाचायच्या, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, उभ्यानं. कथेचा भाग नंतर, बसून, हातात पेन्सिल घेऊन. मी हे दर वेळी बघत होते आणि त्याचा अर्थ मी असा लावला की त्या किरकोळ मजकूर आधी उरकून घेतात.

बाईंच्या स्वतःच्या भागावर अर्धं पान कधी नसायचं. तीनच शब्द असायचे: 'आमच्याकडे सर्व ठीक.' आणि शेवटी सही, नावाआधी 'सौ.' लावून.

माझ्या तिसऱ्या वर्षी जानेवारीत बाईंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस पडून राहायचं होतं. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी वही पाठवायची आहे, विसरू नको," आणि बसमध्ये चढल्या. बरोबर कुणी नव्हतं. मी येऊ का असं मला विचारायचं होतं. ते वाक्य मनात तयार होईपर्यंत गाडी निघाली.

घरात मी एकटी. वही काढून बघितली तर शिवण सुटलेली, पानांवर तेल, हळद, कुठे पोराच्या पायाचा ठसा. मला वाटलं, बाई येईपर्यंत आपण ही स्वच्छ नव्या वहीत उतरवून काढू. आमच्या शाळेत मराठी कुणी शिकवलं नव्हतं, पण उताऱ्याचा सारांश करायला फार शिकवलं होतं. मुद्द्याला लागत नाही ते काढायचं. मला त्यात दोनदा बक्षीस मिळालं होतं.

असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं कारण दुसरं होतं.

पहिल्यांदाच मी वरची पानं ओळीनं वाचत होते, आणि जवळजवळ प्रत्येकीनं शेवटी विचारलेलं होतं: 'भाऊजींचा खोकला कसा आहे?' 'भाऊजींची बदली टळली का?' 'थोरल्याच्या परीक्षेचं काय झालं, तुम्ही काही कळवत नाही.' मी अडीच वर्षं त्या घरात होते. त्या घरात पुरुषाची चप्पल नव्हती, एक सदरा नव्हता, भिंतीवर फोटो नव्हता. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, हे दूधवाल्यालाही माहीत होतं.

मला ते वाचल्याची लाज वाटली. दुसऱ्याची पेटी चुकून उघडावी तसं. माझ्या अक्षरात ते प्रश्न उतरले असते तर मी ते वाचलेत, हे बाईंना कळलं असतं. म्हणून मी भाऊजी गाळले. मग लक्षात आलं, तेवढेच गाळले तर ते जास्त दिसतं. मग मी रेघेच्या वरचं सगळंच गाळलं. म्हैस, कीड, मोडलेलं लग्न, सासूचे डोळे. बाईंच्या भागांतून मला तीनच शब्द गाळावे लागले.

सहा दिवस मी लिहीत होते. नवी वही देखणी झाली, मी तिला निळा कागद घातला. गुरुवारी ती कंडक्टरला दिली. जुनी वही, आता तिचं काय काम, म्हणून न्हाणीघरातल्या बंबात घातली.

बाई आल्या त्या डोळ्यांवर हिरवी झापड घेऊन. दीड महिना वाचायचं नाही, वाकायचं नाही, कामावर जायचं नाही. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. माझं मराठी त्या दीड महिन्यात सुधारलं. वही नवी केल्याचं मी सांगितलं होतं. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. त्यांना पुढे काही विचारायचं सुचलं नसावं. कुणालाच सुचलं नसतं.

फेब्रुवारी संपताना पिशवी परत आली. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. भिंत चाचपत ओट्यापाशी गेल्या, टेकून उभ्या राहिल्या.

"वाच."

मी तासगावच्या काकूंपासून सुरुवात केली. काकूंनी दीड पान लिहिलं होतं, दार पोस्टमननं उघडलं होतं.

"अगं, वरचं वाच."

"वरचं काही नाही."

"काकूंनी काही लिहिलं नाही?"

"फक्त 'अक्षर सुरेख आहे' एवढं लिहिलंय."

"विटा?"

विटा तसंच. रहिमतपूर तसंच. सगळ्यांनी नव्या वहीत नव्या वहीसारखं लिहिलं होतं. कोरेगावच्या पानावर चारच ओळी होत्या, त्या मी वाचल्या. 'वही लय देखनी झालीया. मागलं सगळं चाळलं, आमचं कुनाचंच काय दिसंना. चुकीचं लिवत हुतो आसंल. आता हितं माजं खरकटं कशाला. कुमुदला सांभाळा.' खाली भाग नव्हता.

बाईंनी झापडेच्या दिशेनं हात नेला आणि मागे घेतला.

"मागलं काय दिसेना म्हणजे?"

मी पान उलटलं.

"पोरी, उतरवताना काय केलंस तू?"

"वरचं घेतलं नाही."

"का?"

"कथेशी संबंध नव्हता."

बाई ऐकत होत्या. मला वाटतं तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्या गप्प उभ्या होत्या.

"जुनी वही आण. आहे ना?"

"बंबात घातली."

"सगळी?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "पाणी तरी चांगलं तापलं असेल."

मी माझ्या खोलीत आले. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भिंतीपलीकडे थोड्या वेळानं रेडिओ लागला आणि बाईंचं बोलणं ऐकू यायला लागलं. हे नेहमीचं होतं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की संध्याकाळी त्यांच्याकडे कुणी येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "भाऊजींचं वाचलंस म्हणून गाळलंस ना सगळं?"

सारांशाचं माझं उत्तर ओठांवर तयार होतं. मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. "हो," मी म्हणाले.

"वाटलंच." त्या हसल्या नाहीत, पण आवाज मऊ होता. "पहिल्या कार्डावर मी सौ. लिहिलं. नुसतं नाव लिहिलं असतं तर कुठल्या घरातून उत्तर आलं असतं गं? एकटी बाई, टेलिफोनात कामाला, दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणारी. वहिनींच्या सासूनं पहिल्या दिवशी विचारलं होतं म्हणे, कोण पाठवतंय, घरंदाज आहे का. सौ. बघून वही आत गेली. मग काय, सौ. लिहिलं की नवरा आला. त्यांनीच त्याला खोकला दिला, त्यांनीच बदली दिली, पोरंही त्यांनीच दिली. मी फक्त 'सर्व ठीक' म्हणत राहिले."

"आता पुढे पाठवायचीच नाही का वही?"

"पाठवायची. पण त्यांचं वरचं पान पुन्हा यायला हवं असेल तर आधी कुणीतरी लिहायला हवं. तू जाळलंस, त्यामुळे तुझ्याकडून सुरुवात व्हायला हवी. पण तू काय लिहिणार, तुला मी ओळखते. तू फक्त मी सांगते ते घे."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मला ते जवळजवळ शब्दशः आठवतं.

'आमच्याकडे सर्व ठीक, असे मी सहा वर्षे लिहीत आले. आमच्याकडे असे कोणी नाही. माझे लग्न झालेले नाही. ठरून मोडले, असेही नाही, ठरलेच नाही. सौ. लिहिले ते भीतीने. भाऊजींचा खोकला बरा आहे, कारण भाऊजी नाहीत. संध्याकाळी मी रेडिओ लावते आणि बातम्या देणाऱ्याला उत्तरे देते. तुमचे वरचे पान मी उभ्याने वाचते, बसून वाचले तर उठवत नाही. मागची वही जळाली, त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही कोणी चुकीचे लिहीत नव्हता. ज्यांना यापुढे लिहायचे नसेल त्यांनी वही अडवू नये, पुढे पाठवावी.'

"सही घाल," बाई म्हणाल्या. "नुसतं नाव."

मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "खाली तुझं तू लिही." मी खूप वेळ बसले. शेवटी एवढंच लिहिलं: 'वही मी जाळली. मी मागच्या खोलीत राहते.' बाईंनी ते मला वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "चालेल. सुरुवातीला एवढंच येतं."

त्या गुरुवारी वही गेली. मार्च गेला. बाईंना जाड भिंगांचा चष्मा लागला, त्यामागे त्यांचे डोळे एकदम मोठे आणि घाबरल्यासारखे दिसायचे. त्या पुन्हा कामावर जायला लागल्या. वहीचं नाव त्यांनी काढलं नाही. पण गुरुवारी ड्युटीवरून येताना त्या स्टँडवरून यायला लागल्या, वाट उलटी पडत असूनही. दार मी उघडायची आणि त्यांच्या हातांकडे बघायची. रिकामे. एप्रिलमध्ये माझी परीक्षा झाली. त्याच सुमारास भिंतीपलीकडे रेडिओ नुसताच चालू असायचा, बाईंचा आवाज नसायचा. ज्यांना सहा वर्षं दर महिन्याला पाच घरांतल्या बातम्या कळत होत्या त्यांना आता कुठलीच कळत नव्हती, आणि ते माझ्यामुळे होतं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वही आली. या वेळी बाईंनी मला बोलावलं नाही. ओट्याला टेकून, चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, स्वतःच वाचायला लागल्या. मी दारात उभी होते. तासगावच्या काकूंचं पान कोरं होतं. त्यांनी फक्त वही पुढे पाठवली होती, आणि यानंतरही कधी एक अक्षर लिहिलं नाही. वकीलबाईंनी चांगला भाग लिहिला होता, वर काही नव्हतं. बाई पान उलटत होत्या. मग एका ठिकाणी थांबल्या. मग वही तशीच उघडी माझ्यापुढे धरली.

कोरेगाव.

'तुमी खरं लिवलं म्हनून मी बी लिवते. ह्येंचं पत्र चार वर्सं झाली आलं न्हाई. ते बरं हायती, तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलंया, गावातल्या एकानं बघितलं. आत्यास्नी ठावं न्हाई. त्येंच्या डोळ्यानं जग गेलं, आता ल्योक बी गेला म्हनून कसं सांगू. दर म्हैन्याला ह्येंचं पत्र मीच करते आन् वाचून दावते. थंडी लय हाय, सेटर पायजे, ते समदं माजंच. वहीत लिवताना बी तेच लिवायची, सवय पडलीया. कुमुद लिवायला मला कदी आवगड गेलं न्हाई त्येचं कारन ह्ये हाय. कुनाला सांगितलं न्हवतं. मागच्या खोलीतल्या ताईला म्हनावं, जळलं ते जळलं.'

रेघ नव्हती. कुमुदही नव्हती.

मी वही परत दिली. बाईंनी ती मिटून पिशवीत घातली, पिशवी खुंटीला अडकवली आणि बाहेर गेल्या. एक्स्चेंजमध्ये जाऊन त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. सव्वीस वर्षांत ऑपरेशन सोडून त्यांनी रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती, त्यामुळे साहेबांनी कोण वारलं म्हणून विचारलं म्हणे.

मेच्या शेवटी त्या कोरेगावला गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. मी दार उघडलं. दोन दिवस मी त्याच क्षणाचा विचार करत होते, तरी मला फक्त "चहा ठेवू?" असं विचारता आलं.

"ठेव."

त्या खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर उलटे ठेवले. दोन्ही अंगठे सुजले होते, नखांच्या कडा लाल झालेल्या.

"काय झालं?"

"शेंगा फोडल्या. पेरणीचं बी काढायचं होतं त्यांना. मोठी पोती. आम्ही दोघी पुढच्या सोप्यात, दाराशी बसलो आणि फोडत राहिलो. काल दिवसभर, आज सकाळी."

"काय काय बोललात?"

बाईंनी विचार केला. "फार नाही बोलत ती. मीही नाही बोलले. लिहिताना कशी धबाधबा लिहिते, आणि समोर मान वर करत नाही. ठेंगणी आहे अगदी. मला उगाच वाटत होतं उंच असेल."

"कुमुदबद्दल?"

"छे. कोण काढतंय."

चहाचा कप त्यांनी दोन तळव्यांमध्ये धरला, अंगठे वर ठेवून. मग आपणहून सांगायला लागल्या. "काल संध्याकाळी तिनं सासूला पत्र वाचून दाखवलं. मी तिथंच होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. वाचता वाचता थांबते गं ती, अक्षर लागत नसल्यासारखं करते. म्हातारी म्हणते, 'नीट बघ की बाय, उजेडाकडं धर.' मग ही धरते उजेडाकडं. हातात कागद आहे, कोरा."

मी माझा कप उचलला.

"चांगलं होतं पत्र," बाई म्हणाल्या.

"सासूला तुम्ही कोण म्हणून सांगितलं?"

"मी जाताना गाडीत तेच ठरवत होते. मावशी म्हणावं, का नवऱ्याकडची कोणीतरी. दारात पोचले तर म्हातारी आतून ओरडली, 'कोन हाय गं?' मी तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, 'आत्या, सांगलीच्या बाई हायती. माज्या हायती.' झालं. म्हातारीनं पुढे काही विचारलंच नाही. दोन दिवस माझ्याशी शेंगांच्या भावाबद्दल बोलत होती."

त्या पुष्कळ वेळ बोलत होत्या. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. शेवटी कप खाली ठेवला, तो अंगठा न लावता ठेवायची कसरत केली, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तूही चल. दोघींना आवरत नाहीत ती पोती."

माझी ट्रंक बांधून दाराशी आणून ठेवली होती, ती त्यांना खुर्चीतून दिसत होती. वडिलांनी पुण्याला माझी सोय केली होती, जूनमध्ये मी जाणार होते आणि परत यायचं काही कारण नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं.

मी "हो" म्हणाले.

त्याला आता चार वर्षं झाली. बाईंचं कार्ड वर्षातून एकदा येतं, त्यावर वही चालू आहे असं असतं. शेंगांचं त्या पुन्हा लिहीत नाहीत. मला त्या गावाचं नाव माहीत आहे. कुठल्या गाडीनं जायचं, कुठे उतरायचं, स्टँडवरून किती चालायचं, तेही माहीत आहे. दर मे महिन्यात मी जायचं ठरवते. मग डोळ्यांपुढे तो सोपा येतो, आतून म्हातारीचा आवाज येतो, "कोन हाय गं?" आणि माझ्याकडे बघून कोणी काय सांगेल, ते मला अजून ऐकू येत नाही.